ठाण्याच्या उन्हात सुपरचार्जर : मस्टँगची ताकद वाढवण्याआधी आणि वाढवताना

फोर्डने २०१६ साली मस्टँग जीटी भारतात अधिकृतपणे आणली. उजव्या हाताचं स्टिअरिंग, पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, ४०१ पीएस, ५१५ न्यूटन-मीटर आणि सहा गिअरचा ऑटोमॅटिक. पुढे २०२१ मध्ये फोर्डने इथलं उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, पण आलेल्या मस्टँग रस्त्यावर आहेत आणि आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जात आहेत. अशी गाडी हातात आली की पहिले काही महिने नुसत्या आवाजावर निघतात. मग डोक्यात सुपरचार्जर शिरतो.

हा लेख त्या टप्प्यावरच्या माणसासाठी आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये काम दोन दिवसांचं दिसतं. किट उघडा, बसवा, मॅप (किती इंधन आणि केव्हा ठिणगी हे इंजिनाच्या संगणकाला सांगणारी फाइल) टाका, सहाशेच्या पुढे हॉर्सपॉवर. ते सगळं त्यांच्या पेट्रोलवर आणि त्यांच्या हवेत खरं आहे. आपली गाडी घोडबंदर रोडवर मे महिन्यात संध्याकाळी सहाला अर्धा तास रांगेत उभी राहते आणि त्यानंतर कधीतरी तिला पूर्ण ॲक्सिलरेटर मिळतो. इंजिन वाचेल की फुटेल हे त्या क्षणी ठरतं. म्हणून माझा क्रम असा आहे : आधी कागद, मग इंजिनाची तब्येत, मग पेट्रोल, मग उष्णता, मग ट्यून (मॅप गाडीला जुळवून घेणं), आणि बूस्ट (कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवणं सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट्या टोकाने सुरू करतात.

आधी यंत्र समजून घ्या

सुपरचार्जर म्हणजे क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुलीवरून बेल्टने फिरणारा हवेचा पंप. तो सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबतो. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, आणि ताकद तिथून येते. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो. सुपरचार्जर इंजिनाचीच थोडी ताकद खाऊन फिरतो, पण पाय दाबताक्षणी हजर असतो.

एक फरक नीट लक्षात ठेवा. २०१५ ची डॉज हेलकॅट ही कारखान्यातूनच सुपरचार्जर घेऊन आलेली गाडी. ६.२ लिटर इंजिन, ७०७ हॉर्सपॉवर, आणि कॉम्प्रेशन रेशो ९.५ ला १. त्या इंजिनाचे पिस्टन-रॉड पहिल्यापासून बूस्ट धरून घडवलेले. आपल्या मस्टँगचं कॉम्प्रेशन ११ ला १ आहे, कारण ते इंजिन बूस्टशिवाय चालायला बनलंय. इतक्या कॉम्प्रेशनवर बूस्ट चढवला की नॉकिंग (सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी आपोआप भडकणं) टाळण्यासाठी उरणारी फट अगदी बारीक होते. ती सांभाळणं हेच या कामातलं खरं कसब.

पहिली पायरी : आरटीओ आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. नियमबाह्य बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रदूषण आणि आवाजाचं कलम १९० वेगळं आहे.

म्हणून किट मागवण्याआधी ठाणे किंवा वाशी, जिथे तुमची नोंदणी असेल त्या आरटीओत लेखी अर्ज करा आणि उत्तरही लेखी घ्या. ‘चालतं हो, सगळे करतात’ हे उत्तर नव्हे. परवानगी मिळाली नाही तर ही गाडी ट्रॅकची समजा आणि तिथे फ्लॅटबेडवर न्या. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. न कळवता अपघात झाला तर दावा अडतो, आणि समोरच्याचं नुकसानही तुमच्या अंगावर येऊ शकतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका. त्यातून मिळणारी ताकद थोडी, धूर आणि आवाज मात्र आख्ख्या सोसायटीला.

दुसरी पायरी : इंजिनाची तब्येत

जुन्या गाडीवर बूस्ट चढवण्याआधी आठही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीक-डाऊन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते पाहणं) करून घ्या. आठ आकड्यांमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर तिथेच थांबा. लीक-डाऊन करताना हवा कुठून सुटते ते कान लावून ऐका. ऑइलच्या झाकणातून फुसफुस येत असेल तर रिंगा, सायलेन्सरमधून येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठत असतील तर हेड गॅस्केट.

मग प्लग काढा आणि उन्हात धरून भिंगाखाली पाहा. पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा चंदेरी कण दिसले तर ती गाडी आधीपासूनच नॉक मारतेय. चंदेरी कण म्हणजे पिस्टनचं ॲल्युमिनियम. अशा इंजिनावर सुपरचार्जर बसवायचा विचारही करू नका. आधी कारण शोधा.

या इंजिनाची एक दुखरी जागा माहीत हवी : ऑइल पंपाचे गिअर. ते धातूची भुकटी दाबून बनवलेले असतात. बूस्टमुळे, आणि त्याहूनही जास्त रेव्ह लिमिटरवर (इंजिनाच्या फेऱ्यांच्या कमाल मर्यादेवर) वारंवार आपटल्यामुळे, ते तडकतात. पंप गेला की ऑइलचा दाब शून्य, आणि काही सेकंदांत बेअरिंग. म्हणून बूस्ट लावायचा असेल तर अखंड पोलादातून कापलेले गिअर आणि तसाच क्रँक स्प्रॉकेट बसवा. त्यासाठी पुढचं कव्हर आणि टायमिंग चेन काढावी लागते. मजुरी मोठी आहे, पण किट बसवताना अर्धं इंजिन उघडलेलंच असतं, तेव्हाच उरकून घ्या. क्रँकच्या पुलीचा बोल्ट एकदाच ताणायचा असतो. तो नवाच हवा.

तिसरी पायरी : पेट्रोलचा आकडा

नवख्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, म्हणून इथे थोडा वेळ थांबतो.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोल नॉकिंगला किती तोंड देतं त्याचा आकडा. अमेरिकेतल्या पंपावर लिहिलेला ९३ ऑक्टेन आणि आपल्या पंपावरचा ९३ ऑक्टेन एक नाही. आपण रिसर्च ऑक्टेन मोजतो, म्हणजे आरओएन. ते रिसर्च आणि मोटर अशा दोन आकड्यांची सरासरी लिहितात. त्यांचं ९३ म्हणजे आपलं साधारण ९७-९८. त्यांचं ९१ म्हणजे आपलं ९५-९६. आपलं जुनं ९१ म्हणजे त्यांच्याकडचं सगळ्यात साधं ८७. अमेरिकेतून आलेल्या मॅपवर ‘९३’ लिहिलंय म्हणून इथे ९५ चं पेट्रोल टाकलं, की स्पार्क त्या पेट्रोलला झेपेल त्याच्या कितीतरी आधी पडतो. नॉक सेन्सर थोडं सावरतो, पण भर बूस्टमध्ये दरवेळी वेळेत सावरेलच असं नाही.

आता पंपावरचं साधं पेट्रोल ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं, आहे आणि त्याची किमान आरओएन ९५ ठरवलेली आहे. इथेनॉल मुळात नॉकिंगला चांगला आवर घालतं, बूस्टसाठी ते मित्रच. अडचण प्रमाणाची आहे. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवेमागे एक भाग इंधन पुरतं, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेत आठ टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन लागतं. शुद्ध पेट्रोल धरून लिहिलेल्या मॅपवर गाडी मिश्रण पातळ ठेवून पळेल, आणि पातळ मिश्रण व बूस्ट मिळून पिस्टन वितळवतात. ट्यूनरला पहिल्याच निरोपात ‘आमचं पेट्रोल ई-२०, ९५ आरओएन’ असं कळवा. गाडीच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा काय दिली आहे तेही पाहा, आणि रबरी नळ्या जुन्या असतील तर बदला.

माझा आग्रह असा की मॅप ९५ वर बेतलेला घ्या आणि टाकीत त्याच्या वरचं पेट्रोल भरा. इंडियन ऑइलचं एक्सपी-१०० डिसेंबर २०२० पासून मिळतं. ते प्रत्येक पंपावर नसतं आणि महाग आहे. शंभर ऑक्टेनवर बेतलेला मॅप घेतलात, तर ज्या दिवशी पंपवाला ‘आज स्टॉक नाही’ म्हणेल त्या दिवशी गाडी जागेवर उभी करावी लागेल.

इंजेक्टरचा हिशोब स्वतः करून पाहा. समजा लक्ष्य ६०० हॉर्सपॉवर. सुपरचार्जर असलेलं इंजिन तासाला प्रत्येक हॉर्सपॉवरमागे साधारण ०.६२ पौंड पेट्रोल जाळतं. एकूण ३७२ पौंड, भागिले आठ इंजेक्टर, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा नको. उत्तर येतं ५८ पौंड, म्हणजे मिनिटाला साधारण ६१० सीसी. त्यात ई-२० चे आठ टक्के घाला. ६६० सीसीच्या खालचा इंजेक्टर घेऊ नका. किटमध्ये आलेला इंजेक्टर आणि पंप या आकड्यावर तपासा, विक्रेत्याच्या शब्दावर नको.

चौथी पायरी : किट मागवणं

किट डाव्या स्टिअरिंगच्या गाडीला मोजून बनवलेलं असतं. ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जरचा पंप, सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या दरीत बसतो, तिथे फारसा प्रश्न येत नाही. हवेचा पाइप, ब्रेक बूस्टरजवळची जागा, कूलंटच्या टाकीचा ब्रॅकेट आणि हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) मात्र अडू शकतात. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीवर बसवल्याचे फोटो मागा. ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडमध्ये अशी कामं होतात, तिथले मालक उपयोगी पडतात. माल समुद्रमार्गे न्हावा शेव्याला उतरेल किंवा विमानाने येईल. सीमाशुल्क आणि जीएसटी धरून दारापर्यंतची किंमत काढा. बिलावर रक्कम कमी दाखवू देऊ नका, माल अडकला की भाडं रोज चढतं.

पाचवी पायरी : बसवणं

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, पावणे या पट्ट्यात उत्तम फिटर आणि लेथवाले आहेत. पण तिथल्या शटरबाहेरून दिवसभर ट्रक जातात आणि धूळ आत येते. इनटेक मॅनिफोल्ड उचलला की त्याच मिनिटाला आठही पोर्ट टेपने बंद करा. एक वॉशर आत पडला तर हेड काढावं लागेल. पोर्टभोवतीची जागा आधी व्हॅक्यूमने ओढून घ्या, हवेच्या झोताने उडवू नका. झोताने कचरा आत जातो.

प्लग एक पायरी थंड घ्या आणि गॅप कमी करा. मूळ गॅप सव्वा मिलिमीटरच्या पुढे असतो. बूस्टमध्ये दाबाखाली ठिणगी विझते, म्हणून ०.७ ते ०.८ मिलिमीटर. बोल्ट टॉर्क रेंचनेच, पुस्तिकेतल्या क्रमाने. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला नम्रपणे रेंच हातात द्या.

हवेचं फिल्टर बंपरमध्ये खाली नेणारा पाइप इथे लावू नका. जुलैत पाणी साचलेल्या सर्व्हिस रोडवर ते फिल्टर पाणी पिईल, आणि पाणी दाबलं जात नाही. रॉड वाकतो.

सहावी पायरी : उष्णता

हवा दाबली की तापते. ३५ अंशांची हवा ८ पीएसआयने दाबली, तर ब्लोअरच्या तोंडाशी ती शंभर अंशांच्या आसपास पोचते. १० पीएसआयला ११० च्या पुढे. ती थंड करायला ब्लोअरखाली इंटरकूलर असतो, त्यात वेगळं कूलंट फिरतं, आणि ते कूलंट बंपरमागच्या हीट एक्स्चेंजरमध्ये गार होतं. गाडी उभी असते तेव्हा त्या एक्स्चेंजरवर वारा नसतो. खालून इंजिन तापवतं, वरून ऊन, आणि ब्लोअरचं सगळं ॲल्युमिनियम गरम होऊन बसतं. सिग्नल सुटल्यावर लगेच पाय दाबलात तर इंजिनात जाणारी हवा आधीच साठ-सत्तर अंशांवर असते.

म्हणून किटसोबतचा हीट एक्स्चेंजर इथे पुरतो असं धरू नका. मोठा घ्या, स्वतःचे पंखे असलेला घ्या, त्याच्यापुढे जाळी लावा. सर्किट भरल्यावर हवा नीट काढा. पंप चालू करून टाकीचं झाकण उघडा आणि आत पाहा. पाण्याचा पृष्ठभाग सतत ढवळताना दिसायला हवा. बुडबुडे येत राहिले तर आत हवा आहे. पाणी निश्चल असेल तर पंप नुसता गुणगुणतोय. गाडीचं नाक वर उचलून, नळ्या हाताने दाबत, बुडबुडे थांबेपर्यंत हे करत राहा. मी या कामाला पुलीपेक्षा जास्त महत्त्व देतो.

गिअरबॉक्सचं ऑइलही तापतं. मोठा कूलर लावा आणि ऑइल नवं भरा. ब्रेक फ्लुइड ताजं, टायर पाच-सहा वर्षांपेक्षा जुने नकोत. टायरच्या भिंतीवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं.

सातवी पायरी : ट्यून

मूळ फाइल आधी वाचून दोन ठिकाणी जपून ठेवा. एचपी ट्यूनर्स किंवा एससीटीसारखं उपकरण गाडीला जोडून लॉग, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची नोंद, घेता येतो. ट्यूनर दूर असेल तर लॉग पाठवायचा, तो सुधारलेला मॅप परत पाठवतो. घाई करू नका, अशा फेऱ्या होतच राहतात.

पहिले लॉग साध्या चालवण्याचे. थंड स्टार्ट, आयडल, एसी लावून आयडल, ताशी ५०-६० च्या स्थिर वेगाने पाम बीच रोड, आणि मग घोडबंदरची संध्याकाळची रांग. या रांगेचा लॉग ट्यूनरला आवर्जून द्या, परदेशातल्या माणसाला अशी परिस्थिती सहसा दिसत नाही. फ्युएल ट्रिम (संगणक इंधनात करत असलेली दुरुस्ती) अधिक-उणे पाच टक्क्यांत असायला हवेत. ब्लोअरनंतरच्या हवेचं तापमान रांगेत किती चढतं आणि गाडी सुटल्यावर किती मिनिटांत उतरतं ते पाहा. ते पन्नास-साठच्या पुढे गेल्यावर टायमिंग आपोआप कमी होईल अशी सोय मॅपमध्ये हवी. त्या क्षणी गाडी थोडी मंद वाटेल. वाटू द्या.

पूर्ण ॲक्सिलरेटरचा लॉग डायनोवरच, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर. पाम बीच, अटल सेतू, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे ही चाचणीची जागा नाही. अशा गाडीचा तिसऱ्या गिअरमधला एक पूर्ण ओढाही (खालच्या आरपीएमपासून वरपर्यंत सलग खेच) वेगमर्यादेच्या पार जातो, आणि पाम बीचला पहाटे लोक चालायला निघालेले असतात. सरळ रेषेत पळवायची हौस असेल तर आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर भरत आलेल्या व्हॅली रनसारख्या स्पर्धा आहेत, ट्रॅकसाठी कोइंबतूर आणि चेन्नई.

डायनोवर पाच गोष्टींकडे डोळा ठेवा : लॅम्ब्डा (हवा-इंधनाचं प्रमाण आदर्श प्रमाणाच्या किती पट आहे तो आकडा, १ च्या खाली म्हणजे मिश्रण दाट), नॉक, फ्युएल प्रेशर, इंजेक्टरचा उघडा वेळ, हवेचं तापमान. भर बूस्टमध्ये लॅम्ब्डा ०.८० ते ०.८२ च्या आसपास असावा. लॅम्ब्डात बोला, गुणोत्तराच्या आकड्यात नाही. ई-२० मुळे ते आकडे फसवतात. आरपीएम चढताना फ्युएल प्रेशर खाली घसरला तर लगेच पाय काढा, ताकदीचा आलेख कितीही देखणा दिसो. आणि एकाच ओढ्यावर समाधान मानू नका. मध्ये न थांबता लागोपाठ तीन ओढे घ्या. तिसऱ्याचा आकडा हा तुमच्या गाडीचा ठाण्यातला खरा आकडा. डायनोच्या कागदावर हवामानाची दुरुस्ती लावलेली असते, उन्हाळ्यात ती आकडा फुगवते. दुरुस्तीशिवायचा कागदही मागा.

आठवी पायरी : पुली, वाटलीच तर

पुली लहान केली की ब्लोअर जास्त फिरतो. उदाहरणार्थ, क्रँकची पुली ७ इंच आणि ब्लोअरची ३.५ इंच असेल तर प्रमाण दोनास एक. इंजिन ७,००० वर, ब्लोअर १४,००० वर. ब्लोअरची पुली ३.२५ केली की तोच ब्लोअर १५,००० च्या वर जातो. ब्लोअर बनवणाऱ्याने कमाल फेरे दिलेले असतात. त्याच्या जवळ गेलात की नवी हवा कमी आणि नवी उष्णता जास्त मिळते. पुली लेथवर वळवून घेऊ नका. बेल्टच्या खाचांची खोली आणि वरचा कठीण थर जमला नाही तर बेल्ट घसरतो, बूस्ट वरच्या आरपीएमला गळतो, आणि लोक उगाच ट्यूनरला दोष देत बसतात.

मूळ किटच्या बूस्टवर एक पूर्ण उन्हाळा काढा, लॉग स्वच्छ राहिले तरच पुलीकडे वळा. तेही पिस्टन-रॉड बदललेले असतील तरच. मूळ पिस्टन-रॉडवर पहिल्या किटच्या पुढे जाऊच नये, असं माझं मत.

बसवल्यानंतरचं रोजचं

पाय जोरात दाबण्याआधी कूलंट नव्हे, ऑइल गरम झालंय ना ते पाहा. पार्किंगमध्ये पोचल्यावर मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवून मग बंद करा. कॅच कॅन (इंजिनाच्या वाफेतलं ऑइल अडवणारा डबा) लावला असेल तर पावसाळ्यात तो लवकर भरतो, आत पाणी आणि ऑइलचा पांढुरका लगदा जमतो. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला रिकामा करा. ई-२० ओलावा ओढतं, म्हणून पावसाळाभर गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी भरून ठेवा.

ऑइल ५,००० किलोमीटरला बदला, आणि काढलेला फिल्टर फेकू नका. कापा, आतला कागद पिळून पांढऱ्या कपड्यावर पसरा आणि चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारे कण निघाले तर संशय ऑइल पंपाचे गिअर आणि चेनवर. न चिकटणारे चमकदार पापुद्रे निघाले तर बेअरिंग. दोन्हीपैकी काहीही दिसलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टोइंगवाल्याला बोलवा.